स्मार्ट काचेची रंगछटा: स्थिर व्होल्टेज की टप्प्याटप्प्याने बदलणारे?

बाणेर किंवा हिंजवडीतील पश्चिमाभिमुख कार्यालयात एप्रिलच्या दुपारी इलेक्ट्रोक्रोमिक काच (व्होल्टेज दिल्यावर छटा बदलणारी स्मार्ट काच) गडद होऊ लागते, तेव्हा कडा आधी निळसर होतात आणि मधला भाग बराच वेळ फिका राहतो. याचे कारण पारदर्शक वाहक थरांच्या विद्युतरोधात आहे. कडेच्या धातूच्या पट्ट्यांतून आलेला प्रवाह मध्यापर्यंत पोहोचेतो व्होल्टेज घटते, त्यामुळे टंगस्टन ऑक्साइडच्या थरात शिरून त्याला गडद करणारे लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) तेथे सावकाश शिरतात.

स्थिर व्होल्टेजची पद्धत सोपी आणि स्वस्त आहे. प्रवाह ओसरला की ही घटही कमी होते, म्हणून शेवटी छटा बऱ्यापैकी एकसारखी होते. लहान खिडकीला एवढे पुरते. मोठ्या काचेसाठी मात्र वेग वाढवावा तर कडांवर जास्त ताण येऊन थर लवकर झिजतो, आणि व्होल्टेज कमी ठेवावे तर मध्य रेंगाळतो.

दुसऱ्या पद्धतीत नियंत्रक व्होल्टेज हळूहळू चढवतो, प्रवाहाला मर्यादा घालतो, तारांमधील आणि थरांमधील घट भरून निघेल इतके जास्त व्होल्टेज काही काळ देतो आणि प्रवाह ओसरताच ते धारण-पातळीवर, म्हणजे छटा टिकवण्यापुरत्या व्होल्टेजवर, उतरवतो. काचेत गेलेला एकूण विद्युतभार मोजला, तर अर्धवट छटेवरही नेमके थांबता येते. थंडीत आयन मंदावतात, त्यामुळे तापमानानुसार हे टप्पे बदलावे लागतात. पुण्यातील डिसेंबरची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांना एकच वेळापत्रक लावणे मला चुकीचे वाटते. मोठ्या दर्शनी काचांसाठी मी निःसंशय हीच पद्धत निवडेन.