दाट केसांच्या कुत्र्यासाठी कुठला ब्रश? स्लिकर, पिन ब्रश, रेक आणि साधी फणी

आमचा कुत्रा भोपळ्या दोन वर्षांचा होईपर्यंत आमच्याकडे त्याच्यासाठी एकच ब्रश होता. मऊ केसांचा, लाकडी मुठीचा, दिसायला देखणा. रोज रात्री दहा मिनिटं तो पाठीवरून फिरायचा, अंगावर चकाकी यायची, भोपळ्या खूश आणि आम्हीही खूश. मग एकदा कानामागे खाजवताना बोटाला काहीतरी कडक लागलं. आधी वाटलं, गोचीड. केस बाजूला केले तर सुपारीएवढी जट, नमद्यासारखी घट्ट, कातडीला टेकलेली. दुसऱ्या कानामागे तशीच. मांड्यांच्या मागच्या झालरीत आणखी तीन. दोन वर्षं आम्ही कुत्र्याला नव्हे, कुत्र्याच्या पृष्ठभागाला विंचरत होतो.

गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, हस्की, सामोयेड, पॉमेरेनियन, चाऊ चाऊ, इतकंच काय लॅब्रॅडॉरच्याही अंगावर केसांचे दोन थर, म्हणजे दुहेरी कोट असतो. वरचे केस जाड, जरा राठ. पाणी आणि धूळ तेच अडवतात. त्यांच्या खाली पिंजलेल्या कापसासारखी मऊ लव, म्हणजे अंडरकोट. त्वचेतल्या एकाच छिद्रातून एक जाड केस आणि त्याच्याभोवती बारीक केसांचा झुबका उगवतो. घरभर जे पुंजके उडतात ती मुख्यतः ही लव. तिचं गळणं दिवस लहानमोठा होण्याशी जोडलेलं असतं, म्हणून वर्षातून दोनदा ती ढिगाने निघते; सतत दिव्यांच्या उजेडात, घरात राहणाऱ्या कुत्र्यांची मात्र थोडीथोडी बारा महिने गळत राहते. सुटलेली लव बाहेर पडली नाही की वरच्या केसांत अडकते, घासली जाते, ओली होते आणि तिची जट बनते.

म्हणून कुठलाही ब्रश हातात घेतला की मी दोनच गोष्टी बघते. याचे दाते कातडीपर्यंत पोचतात का? आणि पोचल्यावर ते करतात काय: गुंता सोडवतात, लव ओढून काढतात, की केस कापतात? पाकिटावर हसरा कुत्रा कुठल्या जातीचा छापलाय याला फारसा अर्थ नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पट्टीने मिळतं, अगदी शाळेतल्या पट्टीने. केस बोटांनी दोन बाजूंना पाडायचे, पट्टी कातडीला अलगद टेकवायची आणि केस तिच्यावर सोडायचे. भोपळ्याच्या पाठीवर खोली 3 सेंटीमीटर भरली, मानेवर जवळजवळ 5. आमच्या देखण्या ब्रशचे केस होते दीड सेंटीमीटर. संपला विषय.

स्लिकर की पिन ब्रश

पहिला गोंधळ इथेच होतो, कारण दोन्ही दिसतात सारखेच: मऊ गादी आणि तिच्यात रोवलेल्या तारा. फरक तारांमध्ये आहे. स्लिकरच्या तारा केसासारख्या बारीक, दाट आणि टोकाशी वाकलेल्या असतात. ते वाकडं टोक आकड्यासारखं लवेत शिरतं आणि ती उपसून आणतं. पिन ब्रशच्या पिना सरळ, जाड आणि विरळ. त्या केसांमधून जातात, केस मोकळे करतात, पण सुटलेली लव फारशी आणत नाहीत.

या दोघांतला एकच घ्यायचा असेल तर मी बेधडक स्लिकर म्हणेन, पण लांब तारांचा. बाजारात बटण दाबलं की केस आपोआप सुटणारे स्लिकर फार खपतात. सोय आहेच, पण त्यांच्या तारा बहुधा आखूड असतात आणि खटका वर्षभरात सैल पडतो. बारीक केसांच्या छोट्या कुत्र्याला चालतील. हस्कीच्या मानेवर तो ब्रश म्हणजे गवतावरून हात फिरवणं.

स्लिकरचा धोका एकच, पण खरा आहे: जोर. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. एकाच जागी दहा-बारा वेळा ओढलं की लाल ओरखडे उठतात, आणि दाट केसांखाली ते आपल्याला दिसत नाहीत; कुत्रा दुसऱ्या दिवशी तिथेच चाटत बसतो तेव्हा कळतं. नवा स्लिकर आणला की आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. जितका जोर तुम्हाला सोसतो त्याहून थोडा कमी जोर त्याच्यासाठी. हालचाल मनगटातून यायला हवी, खांद्यातून नको.

मग पिन ब्रश घ्यायचाच नाही का? लांब, रेशमी, खाली लोंबणारे केस असतील तर जरूर घ्या, कारण स्लिकरने रोज विंचरलं तर असे केस मध्येच तुटतात. शेपटीचा झुपका, कानांची झालर, पॉमेरेनियनचा फुगारा यासाठी पिन ब्रश चांगला. पिनांच्या टोकांना गोळ्या असलेला घ्यावा की नसलेला, यावर लोक तावातावाने बोलतात. हात नवखा असेल तर गोळ्यांचा बरा. सवय झाली की गुळगुळीत टोकांचा घ्या, कारण गोळ्यांच्या मानेत बारीक केस अडकून ओढले जातात. एखादी गोळी गळून पडली की उघड्या तारेने ओरखडा जाऊ शकतो. तो ब्रश त्या दिवसापासून बाद.

रेक की ब्लेडवालं डिशेडिंग टूल

खरा सामना इथे आहे, आणि चुकीची खरेदीही सर्वांत जास्त इथेच होते.

अंडरकोट रेक म्हणजे बागेतल्या दाताळ्याचं धाकटं रूप. धातूच्या लांब, बोथट दातांच्या एक किंवा दोन रांगा. वरचे केस दातांच्या फटीतून निसटतात, सुटलेली लव अडकून बाहेर येते. डिशेडिंग टूलमध्ये, म्हणजे गळते केस काढायच्या अवजारात, मुठीला एक धातूची पट्टी असते, तिच्यावर बारीक, आखूड, अगदी जवळजवळ दाते. केस कापायच्या मशीनचं पातं जवळून पाहिलं असेल तर ही पट्टी ओळखीची वाटेल.

पहिल्या दिवशी डिशेडिंग टूल हमखास जिंकतं. चार वेळा फिरवलं की जमिनीवर दुसरा कुत्रा होईल एवढा ढीग. आम्हीही भुललो होतो. गळतीच्या मोसमात दर दोन दिवसांनी पाठीवर फिरवलं. महिन्याभराने उजेडात पाहिलं तर पाठीवरचे केस मधूनच आखूड झालेले, टोकं जुन्या दोरीसारखी फिसकारलेली. ढिगातून एक चिमूट उचलून काळ्या कापडावर पसरली, तेव्हा उलगडा झाला. त्यात मऊ लव होतीच, पण सोबत सोनेरी, जाड, अर्धवट लांबीचे तुकडे होते. म्हणजे वरचे निरोगी केस कापले जात होते आणि आम्ही ते ‘गळती कमी होतेय’ म्हणून मोजत होतो. ही तपासणी तुम्हीही करू शकता: काढलेल्या केसांत जाड आणि मध्येच तुटलेले तुकडे सापडले, तर त्या दिवसापासून हात थांबवा.

पण हे टूल सरसकट वाईट नाही. लॅब्रॅडॉरसारखा आखूड, दाट, अंगाला चिकटून बसलेला कोट असेल तर ते छान काम करतं. तिथे रेकचे लांब दाते उलट कातडीवर घासतात. फक्त गळतीच्या दिवसांत, आठवड्यातून एकदा, एका जागी चार-पाच हात, आणि हाडं वर आलेल्या जागा, म्हणजे कंबरेचे उंचवटे, कोपर, पाठीचा कणा, सोडून. लांब केसांच्या कुत्र्यावर मी ते पुन्हा फिरवणार नाही. आणि कुरळ्या केसांच्या पूडलसारख्या कुत्र्यावर तर रेकही नको, ब्लेडही नको. त्यांना स्लिकर आणि फणी पुरते.

रेक घेताना दातांची लांबी पट्टीने मोजलेल्या खोलीच्या जवळपास हवी. फार आखूड घेतला तर पोचत नाही, फार लांब घेतला तर टोकं टोचतात. फिरते दाते असलेले रेक मिळतात; केस अडला की दाता स्वतःभोवती वळतो आणि ओढ कमी बसते. कल्पना चांगली. पण दातांच्या मुळाशी केस गुंडाळले की ते फिरायचे थांबतात आणि मग तो साधा रेकच होतो, तेव्हा अधूनमधून चिमट्याने साफ करावा लागतो. रेकचा वापरही सोपा आहे: केसांच्या दिशेने, आखूड हातांनी, अडलं की जोर न लावता बाजूला. गुंता असलेल्या जागी रेक घालायचाच नाही. तो गुंता सोडवत नाही, ओढतो. कुत्र्याने एकदा ती कळ खाल्ली की पुढचे सहा महिने रेक पाहताच तो पलंगाखाली.

जिच्याकडे कोणी बघत नाही ती फणी

ब्रशांच्या रांगेत ही सर्वांत साधी दिसते: धातूची, अर्धे दाते विरळ, अर्धे दाट. माझ्या मते पहिली खरेदी हीच. कारण ब्रश खोटं बोलतो, फणी बोलत नाही. स्लिकर फिरवून कुत्रा फुललेला, सुंदर दिसतो. मग विरळ दात्यांची बाजू कातडीपाशी ठेवून बाहेर ओढा. सरळ आली तर काम झालं. अडली तर तिथे गुंता आहे, ब्रश वरून निघून गेलाय. कानांमागे, पुढच्या पायांच्या बगलेत, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या झालरीत ती अडणारच, कारण घासलं जाणं आणि ओल दोन्ही तिथेच. गोचिडीही याच फेरीत सापडतात.

फणीने जट सोडवायला मात्र जाऊ नका. त्यासाठी ब्लेडचे दाते असलेली जट-फोडणी मिळते. आतून धारदार, बाहेरून बोथट. ती घेण्याआधी बोटांनी जट चार तुकड्यांत फाकवून बघा, थोडा कंडिशनरचा फवारा मारा, आणि स्लिकरच्या कोपऱ्याने टोकाकडून मुळाकडे जा. माझ्या अनुभवात दहातल्या सात जटा एवढ्याने सुटतात. कात्री जटेखाली घालणं हा सर्वांत वाईट मार्ग. जट कातडी स्वतःबरोबर वर उचलून घेते आणि कात्रीला त्यातला फरक कळत नाही.

रबरी ब्रश आणि रबरी हातमोजे यांच्याबद्दल दोनच वाक्यं. आखूड केसांना आणि आंघोळीत शॅम्पू चोळायला उत्तम, कुत्र्याला मालिश वाटतं. दाट, लांब कोटात त्यांचा उपयोग लाड करण्यापुरता. आमचा तो देखणा मऊ ब्रशही आता त्याच कामाला आहे, शेवटी चकाकी आणायला.

मग घ्यायचं काय

गोल्डन, सामोयेड, हस्की, लांब केसांचा जर्मन शेफर्ड: फणी, लांब तारांचा स्लिकर, रेक. याच क्रमाने, आणि तिसरी वस्तू गळतीचा मोसम येईपर्यंत नसली तरी चालेल. पॉमेरेनियन किंवा चाऊ चाऊ: फणी, पिन ब्रश, मऊ तारांचा स्लिकर, रेक घेतलाच तर लहान आणि हलका. लॅब्रॅडॉर: रबरी ब्रश रोजचा, डिशेडिंग टूल किंवा आखूड दात्यांचा रेक मोसमापुरता. पिल्लू असेल तर आत्ता मऊ स्लिकर आणि फणी, तेही मुख्यतः सवय लागावी म्हणून. पिल्लूपणाचे केस जाऊन मोठेपणाचे आले की पुन्हा पट्टी काढा.

यातली कुठलीही वस्तू वरवर फिरवली तर फुकट. एका हाताने केस वर उचलून धरायचे, खाली कातडीची पांढरी रेघ दिसली पाहिजे, आणि त्या रेघेपासून थोडेथोडे केस खाली सोडत विंचरायचं. मग पुढची रेघ. भोपळ्याला सुरुवातीला यात तास जायचा, आता पंचवीस मिनिटं पुरतात, आठवड्यातून दोनदा. केस अगदी कोरडे असतील तर ते तुटतात, तेव्हा आधी पाण्याचा हलका फवारा. आणि हे सगळं आंघोळीच्या आधी. जट ओली होऊन वाळली की आणखी आवळते.

एका परिस्थितीत मात्र यातलं काहीच विकत घेऊ नका. जटा कातडीला सपाट चिकटून एकमेकींत मिसळल्या असतील, फणीचं टोकही शिरत नसेल, किंवा खालून ओला वास येत असेल, तर ब्रशची वेळ टळलेली आहे. तिथे खाली त्वचा लाल होऊन पाझरत असू शकते. अशा वेळी आधी पशुवैद्याला दाखवा आणि तेवढा भाग मशीनने काढून घ्या. फक्त तेवढाच. ‘उन्हाळा आहे, सगळंच भादरून टाकू’ असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा: दुहेरी कोट उन्हापासूनही कातडी राखतो, आणि हस्की, पॉमेरेनियन, चाऊ चाऊ यांच्यात भादरलेले केस परत यायला कधीकधी वर्षाहून जास्त लागतं, तेही ठिगळाठिगळांनी. भोपळ्याच्या उजव्या कानामागची जट अशीच काढावी लागली होती. तिथे केस परत आले, पण अजून शेजारच्यांपेक्षा अर्ध्या बोटाने आखूड आहेत, आणि फणी तिथून सर्वांत सहज जाते.