२ इंच लिफ्ट किट, ७ महिने आणि उजवीकडचे २२ मिलिमीटर

"साहेब, उजव्या चाकात हवा कमी आहे का?"

आमच्या सोसायटीच्या वॉचमनने हे विचारलं नसतं, तर हा रिव्ह्यू चार ओळींत संपला असता आणि चार स्टार देऊन मी मोकळा झालो असतो. गाडीची उंची वाढवणारं लिफ्ट किट बसवून तिसराच दिवस होता. हवा तपासली, दोन्हीकडे सारखी. मग गेटपर्यंत मागे जाऊन गाडीकडे समोरून पाहिलं आणि दिसलं. गाडी ड्रायव्हरच्या बाजूला कलली होती. खिशात एका बाजूला सुटे पैसे ठेवून माणूस चालतो ना, तशी. एकदा दिसल्यावर ते पुढचे पाच महिने दिसतच राहिलं.

गाडी इसुझूची वी-क्रॉस पिकअप, नव्वद हजाराच्या पुढे पळालेली. पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचा-खालचा असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग). ज्यांच्याकडे आहे त्यांना हे सांगायला नको. वेल्ह्याजवळ शेत आहे. पुण्यातल्या धायरीहून खडकवासला, खानापूर, पाबे घाट असा रस्ता आहे आणि शेवटचा दीड किलोमीटर रस्ता म्हणवत नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या एवढ्या खोल जातात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. त्यासाठी किट घेतलं: पुढे जरा लांब कॉइल, मागे प्रत्येक बाजूला एक जादा पाटा, लांब यू-बोल्ट आणि चार शॉकअप (धक्के शोषणारे). ३८,५०० रुपये. विक्रेत्याचं नाव देत नाही, वाद अजून मिटलेला नाही.

मला उशिरा कळलेली एक गोष्ट आधीच सांगतो. लिफ्टने मागचा डिफरन्शियलचा गोळा (दोन चाकांमधला गिअरचा डबा) एक मिलिमीटरही वर जात नाही. तो अ‍ॅक्सलवर असतो, अ‍ॅक्सल चाकांवर. तो वर घ्यायचा तर मोठे टायर घालावे लागतात. वर जाते ती चॅसी, बॉडी, आणि पुढचा डिफरन्शियल चॅसीला टांगलेला असल्यामुळे तो. माझं पुढचं संप गार्ड (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) घासायचं, म्हणून पैसे वाया गेले नाहीत. ज्यांचं मागे घासतं त्यांनी टायरचा हिशोब करावा.

बसवायचे ९,००० सांगितले, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) धरून. मी नको म्हटलं. पाने आहेत, जॅक आहे, दोन स्टँड आहेत, दोन रविवार आहेत. स्प्रिंग दाबण्याचं काम तेवढं गॅरेजमध्ये करून घेतलं, ८०० रुपये. दाबलेली कॉइल सुटली तर माणसाचं तोंड राहत नाही, तिथे मी काटकसर करत नाही. बाकी सगळं पार्किंगमध्ये. सगळ्यात मोठी चूक पहिल्या रविवारी सकाळी साडेसातलाच झाली: जुनं सामान काढण्याआधी उंची मोजून ठेवली नाही. आता मूळ गाडी किती कललेली होती, हे कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही दुसरं काही करू नका, पण काढण्याआधी चारही कोपरे मोजून वहीत लिहा.

मी पहिलं माप जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत घेतलं. फरक ३१ मिलिमीटर. रात्री झोप नाही. रविवारी सासरे आले. अप्पा टूलरूममधून निवृत्त झालेले, त्यांना मी ३१ चा आकडा मोठ्या दुःखाने सांगितला. त्यांनी चहा खाली ठेवला आणि विचारलं, "जमीन मोजलीत का, जावईबापू?"

नव्हती मोजली. समोरच्या साइटवरच्या गवंड्याकडून पाण्याची नळी आणली आणि दोन्ही पुढच्या चाकांखालची लेव्हल पाहिली. पाणी जाळीकडे जावं म्हणून पार्किंगला उतार दिलेला, तिथेच ९ मिलिमीटर गेले. मग अप्पांनी दुसरं शिकवलं: जमीन सोडा, टायर सोडा, हबच्या, म्हणजे चाकाच्या, मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. त्यात हवेचा, टायरच्या झिजेचा संबंध येत नाही. गाडी क्लबहाऊससमोरच्या सपाट फरशीवर नेली (सेक्रेटरींनी खिडकीतून पाहिलं, पुढच्या मीटिंगमध्ये तो विषय निघाला, सोडा). डावीकडे ५३२, उजवीकडे ५१०. म्हणजे खरा फरक २२.

विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "सर, ५०० किलोमीटर चालवा, सेटल होईल." ५०० झाले. "सर, १००० होऊ द्या." १००० झाले. मग, "सर, लोड टाकून ३००० चालवा, ऑटोमॅटिक बसेल." नवी कॉइल थोडी बसते हे खरं आहे, नाकारत नाही. पण ती दोन्हीकडे बसते. ३,००० किलोमीटरनंतर माझी डावी बाजू ५२८ झाली आणि उजवी ५०६. फरक जिथल्या तिथे, २२. वहीत तारखेनिशी लिहिलंय. ती वही पाहून बायको मला घरात मिलिमीटर म्हणू लागली. त्याच काळात मी दोन वेळा अलाइनमेंट करून घेतलं, ९००-९०० देऊन, आणि दोन्ही वाया गेले. उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) दोन्ही बदलतात, त्यामुळे उंचीचं भांडण मिटण्याआधी अलाइनमेंटला गाडी नेणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग लावणं. मला कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतोय.

दुसरी तक्रार त्याहून वाईट होती. पुढून गाडी दगडासारखी झाली होती. सिंहगड रोडवरचा प्रत्येक स्पीडब्रेकर थेट दातांत. खड्ड्यात चाक खाली जायचं ते कुरकुरत, अनिच्छेने. या काळात तुम्ही मला विचारलं असतं तर मी दोन स्टार दिले असते आणि दोन वाईट शब्दही.

आणि इथे मला स्वतःचे शब्द गिळावे लागतात, कारण दोष किटचा नव्हता. मी लोअर आर्म आणि अप्पर आर्मचे बोल्ट गाडी स्टँडवर असताना, चाकं लोंबकळत असताना आवळले होते. आर्मच्या टोकाला जो बुश असतो, त्यात रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जखडली जाते. आर्म हलतो तो रबर पिळून. चाक लोंबकळताना आवळलं म्हणजे ती स्थिती रबराला शून्य वाटते. गाडी खाली आली, आर्म वर गेला, की रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते बिचारं गाडी वर ढकलत राहतं, उंची खोटी दाखवतं, चाल कडक करतं आणि लवकर फाटतं. मी ओला टॉवेल पिळून तसाच वाळत घातला होता.

उपाय फुकटचा. गाडी चारही चाकांवर उभी, सपाट जागा. आर्मचे बोल्ट सैल केले, काढले नाहीत. पुढच्या बंपरवर मी आणि मेव्हणा उभे राहून दहा-बारा वेळा गाडी दाबून सोडली. रबराने स्वतःची जागा घेतली, आणि मग चाकांवर वजन असतानाच टॉर्क पान्याने (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) आवळलं. हा टॉर्क पाना २,६५० चा. त्या संध्याकाळी पाबे घाटातून गेलो आणि गाडी अक्षरशः वेगळी होती. खड्डा कळतो, लागत नाही. घाटात पूर्वीइतकी झुलत नाही. इतके महिने मी नव्या शॉकअपला शिव्या देत होतो आणि ते खरंतर उत्तम निघाले. इथे एक स्टार वाढवला.

उंचीही खरी झाली: डावीकडे ५२२, उजवीकडे ५०३. दोन्ही बाजू उतरल्या, फरक मात्र १९. म्हणजे बुश तीन मिलिमीटरपुरते दोषी, मुख्य आरोपी मोकळाच.

आता प्रश्न, कल पुढून येतोय की मागून. मागचा पाटा एका बाजूला उंच असेल तर चॅसी तिरकी होते आणि दोष पुढच्या कोपऱ्यावर दिसतो. मागे मी जादा पाटा घातला होता. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या भोकात नीट बसलं नाही, तर पाटा डोक्यावर चढून राहतो आणि ती बाजू उचललेली राहते. दोन्हीकडचे पाहिले, बसलेले होते. यू-बोल्ट १०० किलोमीटरला आणि ५०० ला परत आवळले होते, पहिल्या वेळी दोन नटांनी चक्क पाव आटा घेतला, तेव्हा हे विसरू नका. मग अप्पांची परीक्षा: पुढच्या क्रॉसमेंबरच्या (चॅसीच्या आडव्या दांडीच्या) बरोबर मध्यावर जॅक लावून पुढचं वजन चाकांवरून कमी केलं. पुढचा भाग एका बिंदूवर तोलला, म्हणजे आता मागचे पाटे गाडीला जशी धरतील तशी ती राहणार. मागे दोन्हीकडे मोजलं, फरक २. मागचे निर्दोष. दोष पुढच्या कॉइलमध्येच.

विक्रेता म्हणाला, "सर, दोन्ही कॉइल सेम असतात." मग एकीवर लाल ठिपका आणि दुसरीवर पांढरा कशासाठी? "बॅच मार्किंग असेल सर."

पाचव्या महिन्यात एका रात्री वरच्या नटाचा टॉर्क पाहायला मी किटबरोबर आलेला कागद मोबाईलवर मोठा करून पाहत होतो. कागदावर शब्द नाहीतच, बॉनेट उघडून समोरून काढलेलं चित्र, लाल बाण, पांढरा बाण, चार आकडे. मी बाण पाहून बाजू ठरवल्या होत्या. त्या रात्री पहिल्यांदा बाणाच्या मागचं इंजिन पाहिलं. ब्रेक ऑइलची बाटली विचित्र जागी वाटली. समोरून पाहताना उजवं-डावं फिरतं, म्हणून आधी स्वतःवरच शंका घेतली. रात्री पावणेबाराला खाली गेलो, बॉनेट उघडलं, त्याच कोनातून माझ्या गाडीचा फोटो काढला, दोन्ही शेजारी ठेवले. बाटली उलट्या बाजूला. चित्रातल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं!

लाल कॉइल ड्रायव्हरच्या बाजूची. चित्रातला ड्रायव्हर डावीकडे, माझा उजवीकडे. मी इमानदारीत चित्राप्रमाणे लाल डावीकडे घातली होती.

शनिवारी गॅरेजमध्ये दोन्ही उतरवल्या. मोकळ्या कॉइल टेबलावर शेजारी उभ्या करून वर स्टीलची पट्टी ठेवली. लाल ५ मिलिमीटर उंच. बॅच मार्किंग म्हणे. पाचच मिलिमीटर कसे पुरतात, असं मेकॅनिकलाही वाटलं. पण कॉइल लोअर आर्मच्या मधल्या भागावर बसते, चाक आर्मच्या टोकाला असतं. त्यामुळे कॉइलपाशी जे होतं ते चाकापाशी जवळजवळ दुप्पट दिसतं. म्हणूनच २ इंच उंचीसाठी कॉइलच्या वर घालायचा स्पेसर (जाड चकती) फक्त एक इंचाच्या आसपास असतो. अदलाबदल केली की एक बाजू जेवढी उतरते तेवढी दुसरी चढते, म्हणजे फरकावर परिणाम पुन्हा दुप्पट. १,७०० रुपये मजुरी. आर्मचे बोल्ट या वेळी गाडी खाली ठेवूनच आवळले, मेकॅनिकच्या मागे उभा राहून.

डावीकडे ५१४, उजवीकडे ५१२.

तिसरं अलाइनमेंट, पुन्हा ९००, पण या वेळी सार्थकी लागलं. विक्रेत्याला दोन्ही फोटो पाठवले. निळ्या टिक आल्या. दोन दिवसांनी, "ओके सर नोटेड." चित्र अजून तेच आहे, परवाच पाहिलं.

आता बाकीचं पटकन. संप गार्ड या पावसाळ्यात एकदाही लागलं नाही. युरियाच्या १० गोण्या, म्हणजे ४५० किलो, टाकल्या तरी मागची बाजू पूर्वीसारखी बसत नाही. रिकामी गाडी मात्र मागून कडक झाली आहे, जादा पाट्याची ती किंमत. गोण्या चढवणारा गडी म्हणतो फळी उंच झाली, खांद्यावरून टाकताना पाठ धरते; त्याचं बरोबर आहे. आईसाठी प्लास्टिकचं स्टूल गाडीत असतं. हेडलाइट वर गेल्यामुळे नवले पुलापाशी समोरचे डिपर मारून शिव्या घालायचे, भिंतीवर खूण करून खाली आणले. ज्यांच्या पिकअपला मागे लोड सेन्सिंग ब्रेक व्हॉल्व (वजनानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) आहे त्यांनी त्याची दांडी नक्की जुळवून घ्या. मागची बॉडी वर गेली की तो व्हॉल्व गाडी रिकामी समजतो आणि मागच्या ब्रेकना दाब कमी देतो.

कायद्याचंही लपवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणाऱ्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली. विमा कंपनीला मी मेल केलाय, उत्तर नाही. जुन्या कॉइल आणि पाट्यांचं सामान पोत्यात बांधून माळ्यावर आहे, भंगारवाल्याला दिलेलं नाही.

हिशोब: वाचवले ९,०००. खर्च ८०० अधिक २,६५० अधिक तीन अलाइनमेंटचे २,७०० अधिक १,७००, एकूण ७,८५०. निव्वळ बचत १,१५० रुपये. टॉर्क पाना खर्चात धरायचा नाही असं माझं मत आहे, तो आयुष्यभर पुरेल. बायकोचं मत वेगळं आहे.

किटला साडेतीन स्टार, कागदाला शून्य. हेच किट घेतलं असेल तर लाल कॉइल उजवीकडे, पण बसवण्याआधी दोन्ही शेजारी उभ्या करून पट्टी ठेवाच. राहिलेल्या २ मिलिमीटरसाठी कॉइलच्या डोक्यावर पातळ वॉशर मिळतो का, ते नाना पेठेत पाहणार आहे. अप्पा म्हणतात सोडा आता. बघू.