एथिकल हॅकिंगचा वीकेंड क्लास: हॅकिंग भरपूर, एथिकल नावाला

पुण्यातला एथिकल हॅकिंगचा, म्हणजे मालकाच्या परवानगीने सिस्टिममधल्या त्रुटी शोधायला शिकवणारा, एक क्लास नुकताच संपवला, आठ शनिवार-रविवार, फी 18 हजार. नाव लिहीत नाही, उगाच कटकट नको.

लॅब मस्त आहे हे आधीच सांगते. काली लिनक्स (हॅकिंगची टूल्स आधीच भरलेली ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून देतात आणि मुद्दाम भोकं ठेवलेली मशीन्स देतात, त्यांच्यावर हात साफ करायचा. पहिल्यांदा एनमॅप हे स्कॅनर चालवलं आणि उघडे पोर्ट्स (मशीनची नेटवर्ककडची दारं) एकेक करून स्क्रीनवर यायला लागले तेव्हा अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. एसी चालत नाही ते सोडा.

पण हॅकर्सचे प्रकार? एका स्लाइडवर उरकले! व्हाइट हॅट चांगला, ब्लॅक हॅट वाईट, ग्रे मधला, चला पुढे. मी मार्कस हचिन्सचं विचारलं. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारं मालवेअर सगळीकडे पसरत होतं, ह्याने त्याच्या कोडमधलं एक डोमेन (वेबसाइटचा पत्ता) रजिस्टर केलं आणि ते थांबलं, रातोरात हिरो, आणि त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत अटक, कारण लोकांचे बँकेचे पासवर्ड चोरणारं क्रोनोस नावाचं मालवेअर बनवण्यात आधी ह्याचाच हात होता, 2019 ला कबूलही केलं त्याने. मग ह्याची टोपी कुठल्या रंगाची? सर म्हणाले, परीक्षेला नाहीये ते. कॉसमॉस बँकेचाही विषय नाही निघाला, 2018 ला ह्याच पुण्यातल्या त्या बँकेतून हॅकर्सनी 94 कोटी नेले, 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले, तरी!

आणि डोकं फिरलं ते पाचव्या आठवड्याच्या होमवर्कने. 'शेजाऱ्यांचं वायफाय क्रॅक करून बघा.' अहो, आयटी कायद्याचं कलम 43 मालकाला न विचारता आत शिरण्याबद्दलच आहे, आणि तेच लबाडीने केलं तर 66 खाली तीन वर्षांपर्यंत आत किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे सांगायला दोन मिनिटं लागतात. मी समोरच्या काकूंकडून व्हॉट्सॅपवर लेखी 'हो' घेतलं ("कर गं, पण माझी सिरियल बंद नाही ना पडणार?"), लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला, सकाळी पासवर्ड निघाला काकांचा मोबाईल नंबर. बदलून दिला लगेच.

वर्गात परवानगी घेऊन केलेली मी एकटीच होते, बाकीच्यांना वाटलं मी चीटिंग केलं 😅

पाचपैकी तीन स्टार, तेही लॅबचे. डेमो लेक्चरला जाल तेव्हा परवानगीचं पत्र कसं लिहायचं ते शिकवता का एवढं विचारा, आणि सरांचं तोंड बघा.