फोंतेन्हास की फोर्ट कोची? आर्टवालं हॉटेल घ्यायचं असेल तर

जुन्या बंगल्याचं हॉटेल केलेलं, भिंतीवर खरी चित्रं, बाहेर चालत फिरता येईल अशा गल्ल्या आणि समुद्रही फार लांब नाही, असं काही हवं असलं की आपल्याकडच्या लोकांची गाडी शेवटी पणजीतलं फोंतेन्हास आणि केरळातलं फोर्ट कोची या दोन नावांवर येऊन अडते. माझं सरळ मत, कोचीत खोलीवर पैसे घाला, पणजीत घालू नका.

कोचीत हॉटेल हेच प्रदर्शन असतं. परेड ग्राउंडजवळचं मलबार हाऊस घ्या, जुना युरोपियन बंगला, पण आत भडक रंगाच्या भिंती, त्यावर केरळची जुनी लाकडी कोरीव कामं आणि शेजारीच आजच्या चित्रकारांची कॅनव्हास, मधे अंगण. दुपारी दोन-तीन तास बाहेर जीव नकोसा होतो एवढा दमट उकाडा असतो, तेव्हा अशा अंगणात पुस्तक घेऊन बसणं हाच कार्यक्रम, त्यामुळे तिथे स्वस्तातली कोंदट खोली घेतलीत तर ट्रिपचा अर्धा भाग वाया. संध्याकाळी चालत डेव्हिड हॉलची गॅलरी, काशी आर्ट कॅफे, सेंट फ्रान्सिस चर्च (1503 चं, वास्को द गामाला 1524 मधे आधी इथेच पुरलं होतं). मट्टनचेरी पॅलेसमधली रामायणाची भित्तिचित्रं तर चुकवूच नका, फक्त तो शुक्रवारी बंद असतो आणि जवळचा परदेशी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी, म्हणजे वीकेंडला पोचून सगळं उरकायचा प्लॅन असेल तर आधी वार बघा. आणि हो, तिथेच चेरलाईत पिढ्यानपिढ्या राहणारी कोंकणी मंडळी आहेत, मोठं तिरुमला देवस्थान आहे, गल्लीत कोंकणी ऐकू आली की गंमत वाटते.

कोचीचा खरा हुकमाचा एक्का म्हणजे बिएनाले, आजच्या कलेचं भलंमोठं प्रदर्शन. 12 डिसेंबर 2012 ला सुरू झाली, सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियाज कोमू दोघेही मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे. मसाल्याच्या जुन्या वखारी, अ‍ॅस्पिनवॉल हाऊस वगैरे, सगळीकडे कामं मांडलेली असतात आणि ते तीन-साडेतीन महिने चालतं. सहावी डिसेंबर 2025 ते मार्च 2026 होती, तिचा क्युरेटर निखिल चोप्रा गोव्यातच राहतो. पण हे दोन वर्षांतून एकदा, आणि त्या काळात रेट चढतात, चांगल्या खोल्या आधीच गेलेल्या असतात. बिएनाले नसेल तर फोर्ट कोची दोन रात्रींचं गाव आहे, जास्त ताणू नका.

पणजीचं उलटं. इथे कला गल्लीत आहे, हॉटेल फक्त पाठ टेकायला. फोंतेन्हासमधलं पणजी इन एकोणिसाव्या शतकातल्या घरात आहे, जवळचं पणजी पौसाडा मूळचं हिंदू घर, मधे चौक, आपल्या वाड्यात आल्यासारखं वाटतं. या भागातल्या काही जुन्या घरांना अजून शिंपल्यांची तावदानं आहेत, काचेऐवजी पातळ शिंपले लाकडी चौकटीत बसवलेले, सकाळी उन्हाचा पत्ता नसतो, नुसता दुधट उजेड खोलीत पसरतो. असली खिडकी मिळत असेल तर बेड कसा आहे ते विचारूसुद्धा नका. बाकी मग गितांजली गॅलरी त्याच वस्तीत, आणि फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत आंतोनियो झेवियर त्रिनदाद (1870-1935) यांची चित्रं. हा गोव्याचा माणूस जेजेत शिकवायचा, पोर्ट्रेट अशी की साडीच्या काठावर नजर अडकते, आणि तरी त्या खोल्यांत बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता कारण सगळी गर्दी बाहेर पिवळ्या भिंतीसमोर रील काढत असते! (रहिवासी वैतागलेत, दारावर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, तेवढं पाळा.) डिसेंबरमधे सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल, 2016 पासून, प्रवेश फुकट, पण आठ-दहा दिवसांचाच मामला.

जाण्या-येण्याचं म्हणाल तर पणजी केव्हाही सोपी, कोकण रेल्वेने करमळीला उतरा, पुढे टॅक्सी. कोचीचा विमानतळ नेडुम्बासेरीला, तिथून फोर्ट कोची म्हणजे ट्रॅफिकमधे दीड-दोन तास सहज, एर्नाकुलममधल्या हायकोर्टकडून वॉटर मेट्रोच्या बोटीने गेलात तर निदान तो शेवटचा टप्पा मजेत जातो. जेवणात मी पक्षपाती आहे, मालवणी जिभेला पणजीच जवळची, पण कोचीचं मीन पोळ्ळिचतु, म्हणजे केळीच्या पानातला मासा, खाल्ल्याशिवाय परत येऊ नका.

तर आईबाबा सोबत असतील, सुट्टी तीन दिवसांची असेल, तर पणजी. दोघंच असाल, बिएनालेचं वर्ष असेल आणि एका हॉटेलवर जरा सैल हाताने खर्च करायची तयारी असेल तर कोची. दोन्हीकडे बुक करताना फोन करून खोली रस्त्याच्या बाजूची की अंगणाकडची, वरच्या मजल्यावर लाकडी जमीन आहे का (डोक्यावर कोणी चाललं की सगळं ऐकू येतं) आणि जिना किती उभा आहे, हे विचाराच, वेबसाइटवरच्या फोटोत यातलं काहीच कळत नाही.