मोकळ्या जागेतला वर्ग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सहा ते आठ वर्षांच्या मुलांचा एक गट घेऊन मी गेले कित्येक महिने दर आठवड्याला एक सबंध सकाळ इमारतीबाहेर शिकवते आहे. दर वेळी तीच जागा, हाताळायला सुटे साहित्य आणि जवळ असूनही मध्ये न पडणारा मोठा माणूस, एवढ्यावर ही पद्धत उभी आहे. बाहेर शिकवण्याविषयी जे लिहिले जाते त्यात झाडांचे आणि मोकळ्या हवेचे कौतुक पुष्कळ असते. मुलांच्या भावनिक आणि सामाजिक वाढीच्या दृष्टीने पाहता मात्र हिरवळीपेक्षा या तीन गोष्टींचा वाटा मोठा आहे, असे माझे मत झाले आहे.

जागा बदलू नये, हे मी सर्वांत आधी सांगेन. नवी जागा दिसली की मुले ती पाहण्यात गुंततात, एकमेकांकडे त्यांचे लक्ष जात नाही. तीच जागा पुन्हा पुन्हा मिळाली की मागच्या वेळचा अर्धवट खेळ आणि मागच्या वेळचे भांडण, दोन्ही तिथेच वाट पाहत असतात आणि पुढे न्यावे लागतात. एकोणिसाव्या शतकात बालोद्यानाची कल्पना मांडणाऱ्या फ्रोबेलने मुलांना प्रत्येकी स्वतःचा वाफा आणि शिवाय सर्वांचे सामायिक वाफे दिले होते. आमच्याकडे वाफे नाहीत, पण ‘माझे’ आणि ‘आपले’ यांची तीच विभागणी आम्ही ठेवली आहे: प्रत्येक मुलाची बसण्याची ठरलेली जागा त्याची एकट्याची, बाकी सारे सर्वांचे.

सुट्या साहित्याची परंपराही जुनी आहे. सोरेनसेन या डॅनिश उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून १९४३ साली कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे टाकाऊ वस्तूंचे खेळांगण उभे राहिले, आणि १९७१ मध्ये ब्रिटिश कलाकार सायमन निकोल्सन यांनी असे मांडले की भोवतीच्या गोष्टी जितक्या हलवता आणि बदलता येतात तितकी कल्पकतेला संधी मिळते. आम्ही फळ्या, दोऱ्या, ओंडके, ताडपत्री आणि जुने टायर वापरतो. यात वजन महत्त्वाचे ठरले. हलका ठोकळा मूल एकटेच उचलून कोपऱ्यात जाते; लांब फळीला दोघे लागतात.

एकदा दोन मुलांनी अशाच एका फळीची दोन टोके धरली होती. एकाला ती खड्ड्यावर टाकून पूल करायचा होता, दुसऱ्याला झोपडीची भिंत. “तू सोड, मी एकटा नेतो,” म्हणत पहिल्याने हिसका दिला. दुसऱ्याने हात काढला आणि फळीचे टोक मातीत रुतले. पहिला एकट्याने ओढत राहिला, पण ती जागची हलेना. मी काही पावलांवर उभी होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दुसरा म्हणाला, “आधी पूल करू, पण नंतर माझ्या भिंतीला तू धरायला यायचंस.” वर्गात ‘वाटून घ्या’ असे मी सांगते तेव्हा मुले माझ्या शब्दाला मान देतात, पण तडजोड त्यांची नसते. इथे ती त्यांनी स्वतः शोधली, आणि भिंत उभारताना शब्द पाळलाही.

थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. इजा होण्याची शक्यता असेल, अनेक जण एकावर तुटून पडत असतील किंवा एखादे मूल गोठून गेले असेल, तर मी लगेच जवळ जाते. रागाने थरथरणाऱ्या मुलाला त्या क्षणी प्रश्न विचारून उपयोग नसतो. शेजारी बसायचे, आवाज उतरवायचा, त्याचा श्वास संथ झाला की मगच काय झाले ते दोघांच्या तोंडून ऐकायचे. बंद खोलीत हे फार अवघड जाते, कारण साऱ्या वर्गाचे डोळे त्या मुलावर असतात. बाहेर त्याला चार पावले दूर जाता येते, आणि माझ्या दृष्टीने बाहेरच्या वर्गाचा हा फार मोठा लाभ आहे.

ठरलेल्या जागी शांत बसणे सुरुवातीला कोणालाच जमले नाही. हळूहळू मुले मुंग्यांची रांग किंवा पानावरचा थेंब पाहत रमू लागली, आणि काही जण चिडल्यावर आपण होऊन तिथे जाऊ लागले. म्हणूनच ‘जा, तुझ्या जागी जाऊन बस’ असे शिक्षा म्हणून कधीही म्हणू नये; त्या जागेचा सगळा आधार एका वाक्याने जातो.

एक मुलगी कित्येक आठवडे कडेला उभी राहून नुसती पाहत असे. लहान मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये खेळातल्या सहभागाचे जे प्रकार सांगितले त्यांत असे पाहणे हाही एक प्रकार आहे, हे ठाऊक असल्यामुळे तिला कोणी ढकलले नाही. पुढे दोरीला गाठ मारायला कोणीतरी हवे होते, तेव्हा ती पुढे आली. गाठ कशी मारतात ते तिने पाहून पाहून शिकून घेतले होते.

उंचीबद्दल आमचा नियम साधा आहे: स्वतः चढता येईल तेवढेच चढायचे, कोणी कोणाला वर उचलून ठेवायचे नाही. ‘सांभाळ, पडशील’ याऐवजी ‘आता पाय कुठे ठेवशील?’ असे विचारले की मूल घाबरण्याऐवजी विचार करू लागते.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. वाऱ्यात आवाज पोहोचत नाही, त्यामुळे लांबलचक सूचना टाळाव्या लागतात. बारीक लिखाणाचे काम बाहेर नीट होत नाही. ओल्या गवताचा किंवा किड्यांचा स्पर्श काही मुलांना खरोखर सहन होत नाही. त्यांच्यासाठी चटई आणि कोरडे कपडे हाताशी हवेत, समजूत घालत बसू नये. बाहेर जमलेली तडजोड वर्गात आपोआप येत नाही. ‘फळीच्या वेळी तुम्ही काय ठरवलं होतं?’ अशी आठवण मला पुष्कळदा करून द्यावी लागली. नोंदी त्याच दिवशी लिहिल्या नाहीत तर कोण कोणाशी काय बोलले ते निसटते, आणि इथे सर्वांत मोलाचे तेच असते.

पंचवीस-तीस मुलांवर एकच शिक्षक असेल तर ही पद्धत पूर्ण स्वरूपात वापरू नये, असे मी ठामपणे सांगेन. रडणाऱ्या मुलाजवळ एक जण बसला की बाकीच्यांकडे पाहणारा दुसरा लागतोच. तो मिळेपर्यंत जड साहित्य आणि चढणे बाजूला ठेवून ठरलेली जागा आणि शांत बसणे एवढ्यावरच सुरुवात करावी.