रत्नागिरीतील एका भाडे-एजंटची सेवा: घराची काळजी चोख, पैशांचा हिशेब कच्चा

मारुती मंदिर परिसरातील आमचा फ्लॅट शहरातील एका एजंटमार्फत भाड्याने दिला जातो. आम्ही मुंबईत असल्याने भाडेकरू शोधणे, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीची परवानगी आणि लहानसहान दुरुस्त्या ही कामे तोच पाहतो व त्याबद्दल दोन्ही बाजूंकडून एकेक महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेतो. घराच्या देखभालीत त्याला नावे ठेवायला जागा नाही. ऐन जुलैत गच्चीतून पाणी झिरपू लागले तेव्हा त्याने दुसऱ्याच दिवशी माणूस चढवला. कोकणात त्या दिवसांत हे किती कठीण असते ते वेगळे सांगायला नको.

तक्रार आहे ती पैशांची. भाडे आणि डिपॉझिट दोन्ही तो स्वतःच्या बचत खात्यात घेतो, आणि त्याच खात्यात इतर मालकांच्या रकमा व त्याचा घरखर्चही असतो. मागील भाडेकरू घर सोडून गेले तेव्हा त्यांच्या ५०,००० रुपयांतून ६,५०० रुपये ‘रंगकाम व किरकोळ’ एवढ्या तीन शब्दांवर कापले गेले आणि उरलेली रक्कम तीन तुकड्यांत मिळाली. त्यांच्याजवळ पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘डिपॉझिट मिळाले’ हा संदेश होता. कोणत्या घराचे, कोणाच्या वतीने, याचा त्यात पत्ता नव्हता. करारात रक्कम स्वीकारणारा म्हणून नाव माझे असल्याने त्यांचे फोन मात्र मला येत होते, आणि त्यात त्यांचे काहीच चुकत नव्हते.

‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरे’ असेही हा एजंट सांगतो. ते खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी व नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर वादाच्या वेळी, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ऑनलाइन नोंदणीत मालकाला मुंबईत आणि भाडेकरूला रत्नागिरीत अंगठा देता येतो, त्यामुळे एजंटला मुखत्यारपत्र देण्याचेही कारण उरत नाही.

इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०१९ पासून ग्राहकांचे पैसे हाताळणाऱ्या भाडे-एजंटांना मान्यताप्राप्त संरक्षण योजनेचे सदस्यत्व सक्तीचे आहे, म्हणजे एजंट बुडाला किंवा पळाला तर योजनेकडे दाद मागता येते. आपल्याकडे महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, एजंट-नोंदणी प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे. भाड्याची दलाली तिच्या कक्षेत येत नाही. म्हणून जे काही संरक्षण आहे ते करारातच लिहून घ्यावे लागते.

नव्या करारात आम्ही डिपॉझिट व भाडे थेट माझ्या खात्यात, व्यवहार क्रमांकासह, अशी अट घातली. कपात करायची तर छायाचित्र आणि बिल दोघांना पाठवायचे, आणि चावी परत दिल्यापासून पंधरा दिवसांत उरलेली रक्कम द्यायची, हेही नोंदवले. एजंटने थोडी कुरकुर केली, पण दलाली पूर्ण मिळते म्हटल्यावर मान्य केले. याच अटींवर मी त्याची शिफारस करीन, घर दाखवायला आणि सांभाळायला. पैसे ठेवायला नाही. त्या ६,५०० रुपयांचे बिल अद्याप आलेले नाही, ती रक्कम मी स्वतः जुन्या भाडेकरूंना पाठवली असून एजंटच्या पुढील दलालीतून वळती करणार आहे, तसे त्याला लेखी कळवले आहे.