चार रोटरींचा ट्युबा: बोअर राहू द्या, आधी झाकण उघडा

स्टुटगार्टजवळच्या हौशी बँडमध्ये मी बी-फ्लॅट ट्युबा, म्हणजे खर्जातलं मोठं पितळी फुंकवाद्य, वाजवतो. आधीचा तीन पिस्टनचा, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह दाबला की हवा जादा नळीतून जाते, सूर उतरतो); बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, १६.८ मिलिमीटर. हा सेकंडहँड, चार रोटरींचा, म्हणजे गोल फिरणाऱ्या व्हॉल्व्हचा, १९.६चा. आकडे जवळचे वाटतात, पण नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. सुरुवातीला लांब सूर अर्ध्यातच सुटायचे. सगळा दम हे धूडच गिळतं, असं वाटायचं.

आता तसं वाटत नाही. बोअर मोजतात तो व्हॉल्व्हजवळच्या सरळ नळीचा. बाकीचा ट्युबा बहुतेक शंकूसारखा रुंदावत जातो. आतल्या भोकाशी जरा अरुंद माउथपीस (ओठांना लावायचा भाग) घेतला आणि निम्मी तक्रार मिटली.

चौथा व्हॉल्व्ह मात्र पैसा वसूल. पहिला-तिसरा एकत्र दाबला की सूर चढतो, कारण दोघांच्याही नळ्या मूळ लांबीच्या हिशेबाने कापलेल्या, आणि एक दाबला की वाद्य लांबून दुसऱ्याची नळी अपुरी पडते. साडेपाच मीटरच्या वाद्यावर दोघं मिळून साधारण १३ सेंटीमीटर कमी पडतात. आता खालच्या एफ सुराला त्या दोघांऐवजी नुसता चौथा दाबतो, ओठ सैल सोडून सूर खाली ओढणं संपलं.

खरी डोकेदुखी तिसऱ्या रोटरीची टकटक. बोटाच्या पट्टीपासून रोटरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या फिरत्या भागापर्यंत, जी दांडी जाते, तिच्या टोकाचा सांधा झिजलेला. मोठ्या आवाजात कळत नाही. ख्रिसमसच्या कार्यक्रमात, अगदी हळू ओळीत, शेजारचा ट्रॉम्बोनवाला वळून बघायला लागला. दुकानदार म्हणाला, चारही दांड्या बदला, जुन्या वाद्याला आवाज येणारच. एका सांध्यापायी चार दांड्यांचे पैसे? एकच बदलून घेतली, तीही कुरकुर करत.

टकटक कमी झाली, पण तिसऱ्यावरचे सूर कोंदलेलेच. शेवटी घरी त्या रोटरीचं मागचं झाकण उघडलं. रोटरच्या टोकावरची खूण बेअरिंगवरच्या खुणेच्या पुढे गेलेली! रोटरी पाव फेरा फिरून बंपरला टेकते. तो रबराचा तुकडाच दबून चपटा झाला होता. म्हणजे आत भोकाला भोक जुळत नव्हतं, वाटेत पायरी तयार झालेली. मग १९.६चा उपयोग काय? नवा तुकडा ब्लेडने कापून बसवला, सूर मोकळा झाला. दुकानात हे कुणी पाहिलंही नव्हतं.

सेकंडहँड घेणाऱ्यांनो, दुकानातच चारही झाकणं उघडायला लावा.

आणि तेलाचा खर्च धरा. रोटरच्या आत पातळ, बेअरिंगला जरा घट्ट, सांध्यांना त्याहून घट्ट. पिस्टनच्या वेळी व्हॉल्व्हचं सगळं एका बाटलीत भागायचं.